लहान मुलं असताना चित्रकला टिकवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी अडीच वर्षांची, मुलगा सात महिन्यांचा. मुलं होण्याआधी तैलरंगात नियमित काम चालायचं, समूह प्रदर्शनांत चित्रं लागायची. आता ईझल, म्हणजे कॅनव्हास टेकवायचा स्टँड, कपाटामागे पडून आहे. दुपारी दोघं एकदम झोपली आणि चाळीस मिनिटं मिळाली तरी हात चालत नाही. वेळ मोबाइलवर जातो आणि मग स्वतःचाच राग येतो. घरचे म्हणतात, 'मुलं मोठी होऊ देत, मग कर.' मुलांच्या वाट्याचा वेळ काढून रंगवत बसणं बरोबर आहे का, आणि पुन्हा एखाद्या वर्गाला नाव घालावं का?

मी चित्रकार आहे आणि प्रौढांना चित्रकला शिकवते. वर्गात येणाऱ्यांमध्ये मुलं झाल्यावर काम थांबलेल्या बायका नेहमीच असतात. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

आधी मोबाइलचं बोलू, कारण तुमचा सगळा राग त्याच्यावर निघालेला दिसतो. ती चाळीस मिनिटं होती हे तुम्हाला नंतर कळतं. मुलं झोपली त्या क्षणी हातात दहा मिनिटं आहेत की दीड तास, याचा पत्ता नसतो. दोघांतलं आधी कोण उठेल तेही सांगता येत नाही. कान शेजारच्या खोलीत लागलेला असतो. अशा वेळी नळ्या उघडायच्या, पॅलेटवर रंग काढायचे, तेल ओतायचं, आणि पहिला पट्टा मारेपर्यंत आतून रडणं ऐकू यायचं, हे दोन-चारदा झालं की डोकं आपणहून ते काम सुरू करू देत नाही. मोबाइल मात्र कुठल्याही क्षणी उचलता येतो आणि कुठल्याही क्षणी खाली ठेवता येतो. तुमच्या आत्ताच्या दिवसात नेमकी तेवढीच सोय असलेली एकमेव गोष्ट तो आहे, म्हणून हात तिकडे जातो. यात आळस शोधू नका, आणि आवड आटली असंही समजू नका. जिची आवड खरंच आटली ती इतका त्रागा करत नाही.

म्हणून मी या प्रश्नाकडे वेळेच्या गणितापेक्षा ड्युटीच्या बाजूने बघते. तुम्ही झोपलेल्या मुलांजवळ बसलेल्या असता तेव्हाही ड्युटीवर असता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालात जगभरातल्या बिनपगारी काळजीकामाच्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के तास बायकांच्या वाट्याला येतात, असा हिशेब आहे: बायका दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं, पुरुष १ तास २३ मिनिटं. कान टवकारून नुसतं बसून राहण्याचा वेळ अशा मोजणीत नीट सापडतही नाही. वेळापत्रक कितीही सुबक आखलं तरी तुमची सुटका का होत नाही, त्याचं उत्तर या न मोजलेल्या वेळात आहे.

तेव्हा दोन प्रकारचा वेळ वेगळा धरायचा. एक तुटक वेळ, जो ड्युटीवर असताना मिळतो आणि कधीही तुटतो. दुसरा सलग वेळ, जेव्हा मुलांची जबाबदारी पूर्णपणे दुसऱ्या मोठ्या माणसावर असते. या दोन वेळांची कामं वेगळी, साधनं वेगळी, अपेक्षाही वेगळ्या. सलग वेळेचं काम तुटक वेळेत करायला गेलं की चिडचिड होते. तुटक वेळेचं काम सलग वेळेत करत बसलं तर तो दुर्मीळ वेळ वाया जातो, आणि हे दुसरं मी पहिल्याइतकंच पाहते.

तुटक वेळेसाठी साधन निवडताना मी तीन गोष्टी विचारते. मांडायला आणि आवरायला किती वेळ लागतो? मधेच टाकून उठलं तर काय बिघडतं? आणि मुलाच्या हातात किंवा तोंडात गेलं तर काय होईल?

तुमचे तैलरंग दुसऱ्या प्रश्नात सर्वांत सरस आहेत. रंग कित्येक दिवस ओला राहतो, तासाभराने परत आलात तरी कडा मिसळता येतात. पण पहिल्या प्रश्नात ते नापास, आणि तिसऱ्यात तर विचारूच नका. रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला लागणाऱ्या टर्पेंटाइनची वाफ बंद खोलीत बाळाजवळ नको. कॅडमियम, कोबाल्ट किंवा शिसं असलेले रंग रांगणाऱ्या मुलाच्या टप्प्यात नकोत. सात महिन्यांचं मूल जग तोंडानेच ओळखत असतं. आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच जुन्या चित्रकारांनाही माहीत नसते: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवायच्या, नाहीतर पाणी घातलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. मुलांच्या कपड्यांच्या टोपलीशेजारी तर मुळीच नाही. तैलरंग सोडू नका, पण ते सलग वेळेसाठी आणि शक्यतो वेगळ्या खोलीसाठी राखून ठेवा. पाण्यात विरघळणारे तैलरंग मिळतात. ब्रश साबण-पाण्याने धुता येतात, टर्पेंटाइन लागत नाही. हाताला थोडे वेगळे लागतात, पण या काळापुरते चालवून घ्यायला हरकत नाही.

जलरंग म्हणजे आयांचं माध्यम, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. आकाशाचा मोठा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) सुरू केला आणि मधेच उठावं लागलं तर ओली कड वाळते, आणि तिथे जी रेघ उमटते ती जात नाही. ॲक्रिलिकचं तर पॅलेटवरच काही मिनिटांत कातडं होतं. खाली ओला स्पंज ठेवलेलं पॅलेट वापरलं तर थोडी सवलत मिळते, पण ब्रश धुवायला विसरलात की तो गेला. सॉफ्ट पेस्टलची पूड जमिनीवर बसते आणि बाळ त्याच जमिनीवर असतं. लिनोकटची, म्हणजे लिनोलियम कोरून छापे काढण्याची, हत्यारं काही वर्षं कुलपात.

उरतं ते गुआश, म्हणजे जलरंगासारखाच पाण्यात कालवायचा, पण दाट रंग. पॅलेटवर वाळलेला रंग पाण्याच्या थेंबाने पुन्हा जिवंत होतो, अपारदर्शक असल्याने चुकलेल्या जागी वरून रंगवता येतं, आणि थर लवकर वाळतो म्हणून वही पटकन मिटता येते. पांढरा, अल्ट्रामरीन, यलो ओकर आणि बर्न्ट सिएना, एवढे चार पुरे. चारही तुलनेने निरुपद्रवी रंगद्रव्यं आहेत (म्हणून खाण्याची वस्तू होत नाहीत, हे सांगायला नको) आणि त्यांतून निघणाऱ्या करड्या-तपकिरी छटांवर कितीही वर्षं काम करता येईल. सोबत तळहाताएवढी वही, एक ४बी पेन्सिल, पाण्याची टाकी असलेला ब्रश. हे सगळं एका ट्रेमध्ये, उघडं, मांडलेलं, मुलीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. कपाटात आत ठेवलंत तर मोबाइल पुन्हा जिंकेल, कारण तो कधीच कपाटात नसतो.

या वहीत काय करायचं? तिथे पूर्ण चित्र करायला जाऊ नका. काळा, करडा आणि पांढरा अशा तीनच छटांत, आगपेटीएवढ्या चौकटीत, समोर दिसेल त्याची रचना मांडा. खुर्चीवर पडलेला टॉवेल, दारातून येणारी तिरीप, झोपलेल्या मुलाचा पाय. दहा मिनिटांत एक होते. पाच मिनिटांत उठावं लागलं तर अर्धी चौकट राहते, तिचं काही बिघडत नाही. अशा चौकटी साठत गेल्या की सलग वेळ मिळेल तेव्हा कोऱ्या कॅनव्हाससमोर 'आता काय काढू' म्हणत बसावं लागत नाही. हात चालू राहतो हा फायदा आहेच, पण त्याहून मोठा फायदा हा साठ्याचा.

शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांना १९३४ मध्ये तिळं झाली, आणि आधीचा एक मुलगा होताच. त्यांनी पुढे लिहिलं आहे की मुलं आणि घरकाम यांमुळे बाई कलावंताचं काही हिरावलं जात नाही, अट एवढीच की रोज थोडं तरी काम व्हावं, अगदी अर्धा तास, म्हणजे प्रतिमा मनात वाढत राहतात. हे वाक्य प्रेरणेसाठी फार वापरलं जातं. मला त्यांचं पुढचं वागणं जास्त शिकवतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत दिवसा मुलं आणि भाजीचा वाफा, दगड कोरायला ना जागा ना वेळ. तेव्हा त्यांनी कोरीव काम थांबवलं, प्लास्टरचे छोटे नमुने केले आणि रात्री रेखाटनं केली. त्यांची पुढची मोठी शिल्पं पाहताना त्या रेखाटनांची आठवण होते. त्यांनी कामाचा आकार लहान केला आणि काम चालू ठेवलं.

दूध पाजताना, झोपवताना दोन्ही हात अडकलेले असतात. त्या वेळेसाठी एक जुना सराव सांगते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकोक द बुआबोद्राँ नावाचे एक शिक्षक स्मरणातून चित्र काढायला शिकवत; शिल्पकार रोदँ त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक. वस्तू नीट पाहायची, ती समोरून गेल्यावर काढायची. पाजताना समोरची एकच वस्तू निवडा. तिचा सर्वांत गडद भाग कुठे, सर्वांत उजळ कुठे, उंची रुंदीच्या किती पट, असं मनातल्या मनात बोलत बघा. हात मोकळे झाले की दोन मिनिटांत काढा आणि मग वस्तूशी ताडून पाहा. पहिले काही दिवस चित्रं हास्यास्पद येतात. वर्गात वर्षभर समोर मॉडेल बसवून जी नजर तयार होत नाही ती यातून होते, असं माझं मत आहे.

आता अर्धवट सोडण्याबद्दल. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अपुरं टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम खालावतं. म्हणजे चित्र सोडून मुलाकडे गेलात तर मन चित्रात, चित्राकडे आलात तर मन मुलात. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी एक साधा उपाय तपासला: उठण्यापूर्वी आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे लिहून ठेवायचं. त्याने मागे रेंगाळणारं लक्ष सुटायला मदत होते. ते प्रयोग कामाच्या ठिकाणी येणारे अडथळे डोळ्यांपुढे ठेवून केलेले होते, पण आयांना हा उपाय जास्त लागू पडतो असा माझा अनुभव आहे. वहीच्या कडेला पेन्सिलने एक ओळ: 'डावीकडची सावली अजून गार हवी, मग खिडकीची चौकट.' रडणं ऐकू आल्यावरही एवढं लिहायला दहा सेकंद मिळतात. तीन दिवसांनी वही उघडाल तेव्हा ही ओळ तुम्हाला थेट रंगात नेऊन सोडेल.

सलग वेळ मागावा लागतो, आणि इथे बायका अडतात. आठवड्यातून दोन तास, ठरलेला वार, ठरलेली वेळ. 'जमेल तेव्हा थोडं बघशील का' असं विचारलंत की तो वेळ कधीच येणार नाही. 'शनिवारी नऊ ते अकरा दोघंही तुझ्याकडे' असं वाक्य हवं. मग त्या दोन तासांची तयारी तुम्ही करून द्यायची नाही. बाटल्या भरून, कपडे काढून, सूचनांची चिठ्ठी लावून बाई रंगवायला बसते तेव्हा तिने दोन तासांसाठी दीड तास काम केलेलं असतं, आणि समोरच्या माणसाला मुलांचं काहीच शिकायला मिळालेलं नसतं. त्याच्या पद्धतीने होऊ द्या. मुलगी उलटा फ्रॉक घालून फिरेल. ताप, रक्त किंवा खरी इजा असेल तरच दार वाजवायचं, हे आधी बोलून ठेवा. पहिल्या काही वेळा बाहेरून रडणं येईल आणि तुमचा ब्रश थांबेल. शक्य असेल तर सुरुवातीला घराबाहेरच जा. वही घेऊन बागेत, वाचनालयात, मैत्रिणीच्या गच्चीवर. कानाला ड्युटी संपल्याचं कळायला हवं, आणि त्याच घरात ते अवघड जातं.

दुसरं मोठं माणूस घरात नसेल, तर लहान मुलं असलेल्या दुसऱ्या आईशी अदलाबदल करा: एका आठवड्यात तिच्याकडे सगळी मुलं, पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे. वर्गातल्या बायकांमध्ये अशा जोड्या मी जमवून देते, आणि नवऱ्याशी झालेल्या करारांपेक्षा त्या जास्त टिकतात असं दिसतं. का, ते तुम्हीच ओळखा.

'पहाटे चारला उठून करत जा' हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांचं उदाहरण त्यात हमखास येतं. घटस्फोटानंतर दोन मुलगे एकटीने वाढवत, प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी करत, मुलं उठायच्या आत त्या लिहायच्या. पहिली कादंबरी १९७० साली आली, १९९३ मध्ये नोबेल मिळालं. हे सगळं खरं आहे. पण रात्रीतून तीनदा उठणाऱ्या बाईने पहाट धरू नये. एका रात्रीची झोप गेली तरी वेगळं, नवं सुचण्याची ताकद घसरते. ठरावीक वळणाची कामं त्या मानाने निभावतात. तेव्हा बाळ रात्री सलग झोपू लागेपर्यंत झोप आधी. फार थकलेल्या दिवशी रंगांच्या मिश्रणांचे तक्ते करा, जुनी रेखाटनं लावून ठेवा, कागद कापून ठेवा. डोकं न लागणारं कामही कामच आहे, आणि ट्रेपाशी जाण्याची सवय त्यानेही टिकते.

शरीराच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. बाळाला काखेत धरून वारंवार उचलताना अंगठा ताणला जातो आणि अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखू लागतं. याला डी क्वेर्वेनचा आजार म्हणतात, बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तो अगदी नेहमीचा, आणि ब्रश, सुई, वाद्य धरणाऱ्या सगळ्यांनाच तो अडवतो. उचलताना अंगठा बोटांना चिकटवून तळवे बाळाच्या खाली घाला, पेन्सिलवर जाड पकड चढवा, आणि दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. पट्टा लावून विश्रांती दिली तर बहुतेकांचं बरं होतं. अंगावर काढलं की लांबतं.

दुसरी गोष्ट मनाची. तुमच्या लिहिण्यात राग आहे, हुरहूर आहे, आणि मला ते चांगलं लक्षण वाटतं. पण 'हात चालत नाही' हे चित्रापुरतं आहे की हसण्या-बोलण्यात, जेवण्यात, मुलांतही मन लागत नाही, हे स्वतःला विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य; विकसनशील देशांत हे प्रमाण १९.८ टक्के आहे. त्याची प्राथमिक चाचणी दहा साध्या प्रश्नांची आहे, १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली. डॉक्टर किंवा परिचारिका ती पाच मिनिटांत घेऊ शकतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन विझल्यासारखं वाटत असेल तर वही-बिही बाजूला ठेवून आधी तिकडे जा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. नैराश्यावर छंद हा उपचार नाही, आणि 'तू चित्रं काढ, बरं वाटेल' असं सांगणाऱ्यांना हे जरूर ऐकवा.

मुलांचा वेळ काढून घेण्याबद्दल. समाजशास्त्रज्ञ मेलिसा मिल्की आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कुटुंबांच्या नोंदी तपासल्या. तीन ते अकरा वयाच्या मुलांचं वागणं, भावनिक स्वास्थ्य आणि अभ्यास यांचा आई किती तास जवळ होती याच्याशी संबंध आढळला नाही. तुमची मुलं त्याहून लहान आहेत, म्हणून हे जसंच्या तसं तुम्हाला लावणार नाही. तान्ह्या मुलाला हाकेला ओ देणारं, ओळखीचं माणूस सतत लागतं. पण असं माणूस एकच असावं लागतं असं बालविकासाचा अभ्यास सांगत नाही. बाळ एकाहून जास्त माणसांशी घट्ट जोडलं जातं. शनिवारचे दोन तास बाबांबरोबर गेले तर मुलाचं नुकसान झालं, असं म्हणायला काही आधार नाही. अपराधी वाटणं त्याने थांबेल असं मात्र नाही. माझ्या वर्गातल्या अनेकींना ते वाटत राहतं आणि ते वाटत असतानाच त्या रंगवतात.

अडीच वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन रंगवावं का? जरूर, पण तो वेळ तिच्या खात्यात धरा. तिला जाड खडू आणि मोठा कागद द्या, शेजारी बसा, मजा करा. फक्त 'आज मीही चित्र काढलं' अशी स्वतःची फसवणूक नको. त्या अर्ध्या तासात तुम्ही खडू उचलत असता. उलट तुम्ही खरोखर काम करताना तिने पाहणं हे वेगळं. आधी दहा मिनिटं तिच्याशी पूर्ण लक्ष देऊन खेळलात तर पुढची दहा ती बहुधा स्वतःत रमेल. पंधराची अपेक्षा धरू नका.

'मुलं मोठी होऊ देत' म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण मोठी म्हणजे किती? धाकटा शाळेत जाईपर्यंत चार-पाच वर्षं. चित्रकाराचा हात चार-पाच वर्षं बंद राहिला तर परत येतो, मी येताना पाहिला आहे. अवघड जातं ते दुसरंच: तोवर आपण चित्रकार आहोत हे म्हणायची जीभ राहत नाही, आणि घरातल्यांनाही दोन तास मागणाऱ्या बाईची सवय राहिलेली नसते. कॅनेडियन लेखिका ॲलिस मन्रो यांना कादंबरी लिहायची होती. मुलं लहान, वेळ तुटका, म्हणून त्या कथा लिहीत राहिल्या. पहिला संग्रह १९६८ मध्ये, त्या ३७ वर्षांच्या असताना आला, आणि २०१३ चं नोबेल त्यांना कथेसाठीच मिळालं. मुलं मोठी झाल्यावरही त्या कथाच लिहीत राहिल्या.

चित्रांपलीकडचं थोडक्यात, कारण हाच प्रश्न गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकाही विचारतात. गाण्याचा आणि वाद्याचा सराव तुकड्यांत चांगला होतो. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं हातात-गळ्यात जास्त मुरतात. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सैल असतात आणि श्वासाचा आधार पूर्वीसारखा नसतो, म्हणून लांब दमाची घाई नको. नृत्याला उड्या आणि जोराचे पदन्यास असतात. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत धावण्याकडे परतायला किमान तीन महिने सांगितले आहेत, त्यावरून अंदाज घ्या आणि लघवी गळणं किंवा ओटीपोटात जडपणा असेल तर आधी तपासून घ्या. शब्दांत काम करणाऱ्यांना सोपं: हात अडकले तरी ओळ तोंडात राहते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, काम करता करता त्या ओव्या रचत. मुलगा सोपानदेव यांनी त्या उतरवून ठेवल्या म्हणून १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर त्या ओव्या आपल्यापर्यंत आल्या. तुमच्याकडे उतरवून घेणारं कुणी नसेल तर मोबाइलचा रेकॉर्डर आहे. त्याच्यावर एवढा राग धरलात, तर त्याच्याकडून हे एक काम करून घ्या.

एक सावधगिरी. काम सुरू झालं की लगेच कुणीतरी सुचवेल, 'सोशल मीडियावर याचं पान काढ, व्हिडिओ टाक, विक.' निदान वर्षभर नको. विकत घेणाऱ्याची मुदत आणि बाळाचा ताप एकाच दिवशी येतात, आणि जी एक गोष्ट तुमची होती ती आणखी एक ड्युटी होऊन बसते. घरखर्चासाठी पैसे हवे असतील तर गोष्ट वेगळी. मग ते नोकरीसारखं मांडा, त्यासाठी मुलांची सोय लावा, आणि स्वतःची वही त्यातून वगळा.

वर्गाचं विचारलंत. माझा स्वतःचा वर्ग असूनही सांगते, आत्ता लगेच मोठ्या अभ्यासक्रमाला नाव घालू नका. बाळ आजारी पडून दोन आठवडे बुडाले की मागे पडल्याची बोचणी लागते आणि बायका गळतात. आधी शनिवारचे दोन तास महिना-दोन महिने पाळले जातात का, ते पाहा. पाळले गेले तर असा वर्ग शोधा जिथे प्रत्येक बैठक स्वतंत्र असते, हजेरीची सक्ती नसते आणि समोर मॉडेल किंवा वस्तुचित्र मांडून दिलेलं असतं. मांडण्याचा वेळ वाचतो. विचारताना शिक्षकांना सरळ सांगा की दोन लहान मुलं आहेत, मधूनच निघावं लागेल. त्यावर कपाळाला आठी पडली तर तो वर्ग या वर्षी तुमचा नव्हे. आणि ईझल कपाटामागून काढून भिंतीला लावून ठेवा, पण खाली वजन बांधून. मुलगी त्याला धरून उभी राहणारच.